सक्तीचे कचरा-वर्गीकरण आणि आपला दवाखाना : सेमाडोहच्या निमित्ताने

मेळघाटातील सेमाडोह येथे आम्ही काही वैद्यमित्रांनी हिवाळ्यात दोन दिवसांचे आरोग्यशिबिर घेतले होते. संधिवात, त्वग्विकार, अग्निमांद्य, पांडू अशा व्याधींचे रुग्ण अपेक्षेप्रमाणे आले. काहींवर अग्निकर्म केले, सहा-सात रुग्णांवर जलौकावचारण केले, जुन्या व्रणांचे बंध बदलले. शिबिर आटोपून सामान बांधू लागलो तेव्हा नेलेल्या औषधांपेक्षा मागे उरलेला पसारा मोठा आहे असे दिसून आले. रक्ताने भिजलेला कापूस, हातमोजे, रक्ततपासणीच्या सुया, चूर्णांच्या रिकाम्या पिशव्या, तेलाच्या बाटल्या, उरलेले अन्न, पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या हे सर्व दोन पोत्यांत एकत्र कोंबलेले होते. ज्या खाणावळीत आमच्या भोजनाची सोय होती तिच्या मालकाने त्यांपैकी एक पोते उचलले आणि सहज विचारले, “डॉक्टरसाहेब, हे कुठी टाकू जी?”

आम्हा आठ जणांपैकी एकाजवळही या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. त्याआधीच्या शिबिरात आम्ही असाच पसारा एका इमारतीमागे हातभर खड्डा करून पुरला होता आणि दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वीच कुत्र्यांनी तो उकरलेला पाहिला होता. या वेळी ते करवले नाही. दोन्ही पोती गाडीत घालून परतवाड्यामार्गे अमरावतीस आणली. तेथे जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या गाडीवरील कर्मचाऱ्याने पोत्याचे तोंड उघडून पाहिले आणि ते घेण्यास नकार दिला. तो सर्वस्वी योग्य होता. अखेर जाड हातमोजे घालून, चिमट्याने एकेक वस्तू उचलून, अर्धा दिवस खर्ची घालून आम्ही ती पोती निवडली. जे काम शिबिराच्या जागी चार वेगळ्या डब्यांनी आपोआप झाले असते, त्यासाठी आठ वैद्यांना अर्धा दिवस लागला. प्रस्तुत लेख त्या अर्ध्या दिवसाचे फलित आहे.

कचऱ्याचे नियम हा विषय आपल्या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे काही वाचकांस वाटेल. तसे नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे दवाखाने अमरावती, अकोला, अचलपूर-परतवाडा येथील रहिवासी संकुलांच्या तळमजल्यावरील गाळ्यांत आहेत. शेजारी किराणा दुकान, वर निवासी सदनिका, खाली एक सामाईक कचराकुंडी, अशी ती रचना असते. त्या कुंडीत काय पडते आणि काय पडता कामा नये, हे संकुलाच्या सचिवास अथवा शेजारच्या दुकानदारास सांगणारे बहुधा कोणीच नसते. वैद्याने सांगितले तर लोक ऐकतात. मात्र त्यासाठी ते प्रथम आपणांस नीट ठाऊक असावयास हवे.

नियमांचा प्रवास

कचऱ्यासंबंधीचे बहुतेक केंद्रीय नियम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ या एका कायद्याखाली केलेले आहेत. त्यांतील जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ साली आले. नागरी घनकचऱ्याचे नियम २००० साली आले आणि त्यांचा रोख मुख्यतः नगरपालिका व महानगरपालिका यांच्या कर्तव्यांवर होता. नागरिकाने काय करावे याविषयी त्यांत फारसे काही नव्हते. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही दृष्टी बदलली. कचरा निर्माण करणारा प्रत्येक जण, मग तो गृहस्थ असो, दुकानदार असो की उपाहारगृहचालक, तो वेगळा करण्यास बांधील झाला. तेव्हा ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन विभाग सांगितले होते. कचरा रस्त्यावर, मोकळ्या जागी, गटारात वा नदीनाल्यात टाकणे, जाळणे, पुरणे या तिन्ही गोष्टी त्या नियमांनी निषिद्ध ठरविल्या. म्हणजे आमचा तो हातभर खड्डाही नियमबाह्यच होता.

२०१६ च्या नियमांची जागा आता घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६ यांनी घेतली असून त्यांचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून आहे. यांत तिनाऐवजी चार विभाग आहेत. ओला म्हणजे स्वयंपाकघरातील उरलेसुरले, भाज्यांची देठे-साली, फुले, पाने. सुका म्हणजे कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू, लाकूड, रबर इत्यादी, ज्यांचा बराचसा भाग पुन्हा उपयोगात आणता येतो. तिसरा विभाग स्वच्छताविषयक कचऱ्याचा. वापरलेले लंगोट, सॅनिटरी पॅड व तत्सम वस्तू यांत येतात आणि त्या नीट गुंडाळून वेगळ्या द्यावयाच्या असतात. चौथा विभाग विशेष काळजीच्या कचऱ्याचा. रंगांचे डबे, विजेचे दिवे, पाऱ्याचे तापमापक आणि घरातील औषधे यांची गणना यांत होते.

या चौथ्या विभागाविषयी वैद्यांचा वारंवार गोंधळ होतो. रुग्णाच्या घरी कपाटात पडून राहिलेली, मुदत संपलेली औषधे विशेष काळजीच्या कचऱ्यात जातात. तीच औषधे दवाखान्याच्या कपाटात मुदतबाह्य झाली तर तो जैववैद्यकीय कचरा ठरतो आणि त्यास वेगळे नियम लागू होतात. वस्तू तीच असली तरी ती कोठे निर्माण झाली यावर तिची वाट ठरते.

संकुलाचा व्यवस्थापक आणि ‘मोठा’ कचरा

२०२६ च्या नियमांत मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणाऱ्यांची व्याख्या स्पष्ट केली आहे. ज्या आस्थापनेचे वा संकुलाचे बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर वा अधिक आहे, किंवा जेथे दररोज ४०,००० लिटर वा अधिक पाणी लागते, किंवा जेथे दररोज १०० किलोग्रॅम वा अधिक कचरा निघतो, अशी प्रत्येक आस्थापना या वर्गात मोडते. तिन्हींपैकी एक अट पुरी झाली तरी पुरे. शासकीय कार्यालये, महाविद्यालये, हॉटेले आणि गृहनिर्माण संस्था यांपैकी कोणीही त्यातून सुटत नाही. अशांनी आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, त्याचे खत वा वायू करावा, असा नियमाचा आग्रह आहे. ते शक्य नसेल तर त्या जबाबदारीच्या पूर्ततेचे प्रमाणपत्र मिळविण्याची तरतूद आहे. नोंदणी न करणे अथवा खोटी माहिती देणे यांसाठी पर्यावरणीय भरपाई वसूल होऊ शकते.

आमच्या वऱ्हाडातील संकुले बहुतांशी लहान आहेत. वीस-चोवीस सदनिका आणि खाली आठ-दहा गाळे. येथे बांधीव क्षेत्राची अट लागू होणार नाही. पाण्याची अट मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे नेहमीचे नियोजनाचे परिमाण धरले तर ४०,००० लिटरसाठी सुमारे ३०० रहिवासी लागतात; म्हणजे साठ-सत्तर सदनिकांपुढील संकुलाच्या सचिवाने स्वस्थ बसू नये. तळमजल्यावर खाणावळ वा मंगलकार्यालय असेल तर १०० किलोग्रॅमची अट त्याहूनही लवकर पुरी होते. लग्नसराईतील एका पंगतीचे उष्टे किती निघते हे ज्याने पाहिले आहे त्यास हे समजावून सांगावे लागणार नाही.

व्याख्येत न बसणाऱ्या लहान संकुलांनाही चार प्रकारे वेगळे करण्याचे बंधन आहेच. सचिवाने काय करावे, असे आम्हास विचारले जाते तेव्हा आम्ही एवढेच सांगतो. सामाईक कुंडी काढून टाका. कुंडी आहे तोवर वर्गीकरण होणार नाही. कारण कुंडीत टाकणाऱ्यास नाव नसते. घरोघरी व गाळोगाळी वेगळे डबे ठेवून ते ठराविक वेळी घंटागाडीस द्यावेत. सुका कचरा आठवड्यातून एकदा दिला तरी चालतो, तो कुजत नाही. त्यातील रद्दी, पुठ्ठा आणि बाटल्या विकत घेणारा कबाडीवाला हा या व्यवस्थेतील सर्वांत जुना आणि सर्वांत उपेक्षित घटक होय. पुनर्वापराचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून तो पुनर्वापरच करीत आला आहे. त्यास हाकलून लावणारी संकुले आम्ही पाहिली आहेत. त्यास ठराविक वार नेमून दिला तर निम्मे काम होते.

हातात गेलेली सुई

आमच्यापैकी एकाचा दवाखाना ज्या संकुलात आहे तेथे घडलेली गोष्ट येथे सांगणे आवश्यक वाटते. झाडलोट करणारी एक बाई कुंडीतील पिशवी दाबून भरीत असता तिच्या तळहातात सुई गेली. सर्वांनी प्रथम दवाखान्याकडे बोट दाखविले, आणि ते स्वाभाविकच होते. आमच्या मित्राने आपली नोंदवही काढून दाखविली, त्या दिवशी दवाखान्यात सुई वापरली गेलीच नव्हती. पण आदल्या आठवड्याविषयी तो तितक्या खात्रीने बोलू शकला नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन मधुमेही रुग्ण रोज इन्शुलिन टोचून घेतात, हेही नंतर कळले. ती सुई कोणाची याचा निर्णय झाला नाही, होणारही नव्हता.

अशा वेळी काय करावे, हे प्रत्येक वैद्यास पाठ असावे. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. दाबून रक्त काढू नये, तोंडाने चोखू नये, तीव्र जंतुनाशक ओतू नये. नंतर विनाविलंब शासकीय रुग्णालयात पाठवावे. एच.आय.व्ही.ला प्रतिबंध करणारी औषधे लागणार असतील तर ती शक्य तितक्या लवकर, पहिल्या दोन तासांत सुरू होणे उत्तम. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही असे धरले जाते. कावीळ-ब व धनुर्वात यांच्या लशींची स्थिती विचारावी. या प्रसंगी तेथे जमलेल्यांचा पाऊण तास सुई कोणाची या वादात गेला आणि बाई पदराने हात दाबून पायरीवर बसून होती. सुदैवाने पुढील तपासण्या निर्दोष आल्या.

घरातील इन्शुलिनच्या सुया २०१६ च्या नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात गणल्या होत्या. त्या कोणत्याही परिस्थितीत सुक्या कचऱ्याच्या पिशवीत मोकळ्या टाकू नयेत. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून, डब्यावर ठळक ‘सुया’ असे लिहून, झाकण चिकटवून विशेष काळजीच्या कचऱ्याबरोबर वेगळा द्यावा. मधुमेही रुग्णास पथ्य सांगताना एवढे एक वाक्य अधिक सांगणे आपणांस कठीण नाही.

वैद्याचे स्वतःचे कर्तव्य

“आमचे शास्त्र निसर्गोपचाराचे, आमचा कसला जैववैद्यकीय कचरा?” असे म्हणणारे ज्येष्ठ मित्र आजही भेटतात. १९९८ च्या नियमांत त्यांना काही आधार होता. महिन्यास एक हजारापेक्षा कमी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यांना तेव्हा प्राधिकारपत्राची आवश्यकता नव्हती. २८ मार्च २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी ती सवलत काढून टाकली. त्या नियमांच्या प्रारंभीच आयुष रुग्णालयांचा नामनिर्देशपूर्वक उल्लेख आहे, दवाखाने आहेत आणि आरोग्यशिबिरे व रक्तदानशिबिरेही आहेत. म्हणजे सेमाडोहच्या त्या दोन पोत्यांचे धनी कायद्याने आम्हीच होतो. खाणावळवाल्याच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर कायद्यात आधीच लिहिलेले होते.

रुग्णशय्या नसलेल्या दवाखान्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून एकदाच प्राधिकारपत्र घ्यावे लागते. त्यासाठी दुसऱ्या क्रमांकाच्या नमुन्यात अर्ज करावयाचा असतो. वर्षाचा अहवाल चौथ्या नमुन्यात ३० जूनपर्यंत द्यावयाचा असतो. नोंदी पाच वर्षे जतन कराव्या लागतात. सामाईक प्रक्रिया केंद्राची सेवा ७५ किलोमीटरच्या आत उपलब्ध असेल तर स्वतःची प्रक्रिया-व्यवस्था उभारता येत नाही, कचरा त्या केंद्राकडेच सोपवावा लागतो. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवू नये.

चार रंग ध्यानात ठेवणे अवघड नाही. आपल्या कर्मांना ते लावून पाहिले की अधिक सोपे होते. जलौकावचारण, सिरावेध वा व्रणकर्म यांत रक्त, पू वा शरीरद्रव लागलेला कापूस, पट्टी आणि वस्त्र पिवळ्या पिशवीत. क्षारसूत्राच्या वा अन्य शल्यकर्मात निघालेले ऊतक पिवळ्यातच. मुदतबाह्य औषधेही पिवळ्यात. येथे रसौषधींविषयी विशेष सावधगिरी हवी. पारद, नाग, वंग यांचे जुने कल्प कोणी मागील अंगणात ओततात, ते सर्वथा टाळावे. सुई काढलेली सिरिंज, नळ्या, हातमोजे, बस्तीसाठी वापरलेले प्लास्टिकचे साहित्य लाल पिशवीत. हा कचरा निर्जंतुक करून पुनर्वापरास जातो, म्हणून तो जाळावयाच्या पिवळ्या कचऱ्यात मिसळू नये. सुया, शस्त्रांची पाती आणि टोकदार धातूच्या वस्तू पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या व फुटलेली दूषित काच निळ्या खुणेच्या पेटीत.

जळवांचा प्रश्न स्वतंत्र आहे. एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास लावू नये, याविषयी आता दुमत उरलेले नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील जलौकावचारणीय अध्यायात जळवांचे संग्रहण, पोषण आणि वमन यांचा विचार इतका बारकाईने केला आहे की, वापरलेली जळू पुन्हा डोहात सोडण्याची जी प्रथा काही ठिकाणी आढळते ती त्या परंपरेच्या नावावर खपविणे आम्हास अयोग्य वाटते. रक्त प्यालेली, निरुपयोगी झालेली जळू आमच्या मते पिवळ्या वर्गातच गेली पाहिजे, सिपनेच्या पात्रात नव्हे.

आता जे जैववैद्यकीय नाही ते. काढ्याचा चोथा, पत्रपोटलीतील निर्गुंडी-एरंडाची पाने यांस रक्त वा पू लागलेला नसेल तर ती ओल्या कचऱ्यात जातात. किंबहुना चोथ्यासारखे उत्तम खत दुसरे नाही. मात्र तेलाने थबथबलेली पोटली खतात टाकू नये, ती कुजत नाही. आसव-अरिष्टांच्या रिकाम्या बाटल्या धुऊन सुक्या कचऱ्यात. वमनातील द्रव्य निर्जंतुक केल्याखेरीज सांडपाण्यात सोडू नये. अभ्यंगाचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. संकुलाची वाहिनी तुंबली की सचिव प्रथम पंचकर्म-केंद्राचाच दरवाजा ठोठावतो, आणि या बाबतीत तो क्वचितच चुकतो.

एक गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावी. दवाखान्याचा जैववैद्यकीय कचरा संकुलाच्या कचऱ्यात मिसळता येत नाही. ‘महिन्याचे पैसे भरता, मग आमच्याच डब्यात टाका’ असे सचिवाने सौजन्याने म्हटले तरी नाही. आणि दवाखान्यातील चहाचे कप, कागद, जेवणाचा डबा यांतील उरलेले हे पिवळ्या पिशवीत टाकता येत नाही. प्रक्रिया केंद्र वजनावर चालते व भट्टी त्या प्रत्येक किलोग्रॅमसाठी इंधन जाळते. शिवाय वर्गीकरण न केलेला कचरा देणाऱ्यांची माहिती मंडळास कळविणे हे केंद्रचालकाचे कर्तव्यच आहे. त्या कर्मचाऱ्याने आम्हास नुसते परत पाठविले, ही त्याची उदारताच म्हणावयाची.

प्लास्टिक

याविषयी बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे-वाट्या यांवर बंदी घातली. ही बंदी २००६ च्या राज्य कायद्याखाली असून तीत दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांचा कारावास असा ठरविला होता. केंद्र शासनाची एकदाच वापरावयाच्या ठराविक प्लास्टिक वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली. औषधांच्या वेष्टनास राज्याच्या बंदीतून सूट आहे. परंतु त्या सुटीचा अर्थ दवाखान्याने औषध घरी नेण्यासाठी पातळ पिशवी द्यावी असा होत नाही. आपले पूर्वसूरी कागदाची पुडी बांधीत, ती पुन्हा बांधावयास शिकणे शहाणपणाचे आहे. फक्त छापील वर्तमानपत्राची नको, कारण शाई औषधास लागते. कोरा कागद फार महाग नाही.

सेमाडोहला हे सर्व कसे लागू होते?

सेमाडोह हे परतवाडा-धारणी मार्गावरील, सिपना नदीकाठचे गाव. चिखलदऱ्याहून पंचवीस-सत्तावीस किलोमीटर, अमरावतीहून रस्त्याने सुमारे शंभर. १९७३-७४ साली व्याघ्रप्रकल्पासाठी निवडलेल्या देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते, आणि सेमाडोहचे वनखात्याचे पर्यटन-संकुल वऱ्हाडातील निसर्गप्रेमींच्या परिचयाचे आहे. येथे बहुमजली संकुले नाहीत. आहेत त्या खाणावळी, चहाच्या टपऱ्या, किराणा दुकाने आणि निवासाच्या सोयी. ‘व्यावसायिक’ या शब्दाने नियमांना जे अभिप्रेत आहे ते येथे एका हातगाडीत आणि चार बाकांत मावते. तरीही बंधन तेच आहे. २०२६ च्या नियमांत ग्रामीण स्थानिक संस्थांचाही समावेश आहे आणि डोंगराळ भागांसाठी पर्यटकांकडून शुल्क आकारण्याची, तसेच हॉटेलांनी ओला कचरा जागच्या जागी जिरविण्याची स्वतंत्र तरतूद आहे.

याखेरीज अभयारण्यात एक जुना आणि अधिक कडक नियम लागू आहे, ज्याची माहिती आम्हासही या निमित्तानेच झाली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ अन्वये अभयारण्याच्या भूमीवर कचरा टाकणे निषिद्ध आहे. वन्यप्राण्यास छेडणे आणि अभयारण्यात घाण करणे या दोन गोष्टी त्या कलमात एकाच वाक्यात येतात. धावत्या मोटारीतून वेफर्सचे पाकीट फेकणारा पर्यटक प्राण्यास दगड मारणाऱ्याच्याच पंक्तीत बसतो, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. मिठाचा वास लागलेले पाकीट हरिण-सांबर चघळतात. ते गिळले गेले की कोठ्यात अडकून राहते. आनाह आणि बद्धगुदोदर यांचे वर्णन आपण माणसांच्या संदर्भात वाचतो.

जंगलाकाठच्या खाणावळीला शहरातला सल्ला जसाच्या तसा देऊन चालत नाही, हेही आम्हास तेथेच कळले. आम्ही मोठ्या उत्साहाने खताचा खड्डा सुचविला. मालक हसला. उघडा खड्डा म्हणजे रानडुकरास आणि अस्वलास आमंत्रण, आणि त्यांच्या मागे आणखी कोण येईल ते सांगावयास नको. येथे खत करावयाचे तर पक्के बांधलेले टाके, वर जड जाळीचे झाकण आणि वस्तीच्या आतील जागा हवी. त्याहून सोपा उपाय उष्टे कमी ठेवण्याचा. आणि पळसाची पत्रावळ वापरली तर ती गुरे खातात वा कुजते, थर्माकोलसारखी पावसाळ्यात नदीत तरंगत नाही.

खरी अडचण सुक्या कचऱ्याची आहे. ‘वेगळा करा’ असे सांगणारे अनेक आहेत, पण वेगळा केलेला कचरा नेणार कोण, याविषयी ते बोलत नाहीत. पुठ्ठा आणि बाटल्या विकत घेणारे परतवाड्यास आहेत. पाच किलोग्रॅम बाटल्यांसाठी कोणी घाट चढून येणार नाही. आम्हास यावर एकच व्यवहार्य मार्ग दिसतो. किराणा आणि भाजीपाला घेऊन येणारी वाहने परत जाताना बहुधा रिकामी जातात. गावातील सर्व दुकानांचा धुतलेला, कोरडा, दाबून बांधलेला सुका माल एका जागी साठवून पंधरवड्यातून एकदा अशा वाहनातून खाली पाठविता येईल. ग्रामसभेने जागा दिली आणि वाहनधारकांनी थोडे भाडे घेतले तर विक्रीच्या पैशातून ते भागण्यासारखे आहे. आमच्या खाणावळवाल्यास ही कल्पना पटली, त्याने लगेच विचारले, “अन् ते काचा?” काचेस भाव नाही आणि वजन मोठे. त्याचे उत्तर आजही आमच्याजवळ नाही. निदान त्या वेगळ्या ठेवा, मुलांच्या आणि गुरांच्या पायांखाली येणार नाहीत अशा, इतकेच सांगून आम्ही निघालो.

शिबिराच्या जैववैद्यकीय कचऱ्याविषयी मात्र संदिग्धता नाही. दुर्गम भागात, जेथे सामाईक केंद्राची सेवा पोहोचत नाही तेथे, खोल पुरण्यास नियमांत जागा आहे. पण ती पूर्वपरवानगीनेच. खड्डा दोन मीटर खोल असावा, तो निम्मा भरला की चुना व माती यांनी झाकावा, प्रत्येक वेळी कचरा टाकल्यावर १० सेंटीमीटर मातीचा थर द्यावा, प्राण्यांना शिरकाव होऊ नये म्हणून जाळीचे आच्छादन असावे, जवळ उथळ विहीर नसावी, भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळापासून किमान सहा मीटर खाली असावी. दोन दिवसांच्या शिबिरासाठी हे कोणी करणार नाही, आणि व्याघ्रप्रकल्पात करूही नये. जे घेऊन गेलो ते परत आणणे हाच मार्ग. त्यासाठी निघण्यापूर्वी केंद्रचालकाशी बोलून ठेवावे, पिशव्या व सुयांचा डबा बरोबर न्यावा, प्रत्येक रुग्णाच्या बाजेशेजारी डबा ठेवावा आणि ४८ तासांचा हिशेब राखावा. पुढील शिबिरात आम्ही औषधांच्या यादीखालीच डब्यांची यादी जोडली.

दंडाविषयी

पूर्वी पर्यावरण अधिनियमाच्या भंगास पाच वर्षांपर्यंत कारावास अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. जनविश्वास अधिनियम, २०२३ ने केलेली दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली आणि कारावासाऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंतची शास्ती आली. तुरुंग गेला म्हणून कायदा सैल झाला असे काहींनी मानले. आमचा अंदाज उलट आहे. फौजदारी खटला क्वचितच उभा राहत असे. शास्ती बसविणे अधिकाऱ्यास त्याहून सुलभ आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसनीय नावाचा अध्याय आहे. वायू, उदक, देश आणि काल ही चार सर्वसामान्य तत्त्वे बिघडली म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रासतात, हा त्याचा विषय सर्वांस परिचित आहे. त्याचा आरंभ मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. गंगातीरी कांपिल्य नगरीजवळ फिरत असता भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशास प्रथम सांगतात ते हे की, भूमी विरस होण्यापूर्वी औषधी काढून ठेव. नंतर त्यांत रस, वीर्य, विपाक उरणार नाही. सेमाडोहच्या आसपासच्या जंगलातून आपण सफेद मुसळी, बेहडा, आवळा आणि मोह घेतो, आणि आमची दोन पोती आम्ही जवळजवळ त्याच मातीत पुरणार होतो.

ज्या वैद्यमित्रांस प्राधिकारपत्राचा अर्ज भरण्यात अथवा आपल्या संकुलाच्या सचिवास हे नियम समजावून सांगण्यात अडचण येत असेल त्यांनी पुढील जिल्हा-बैठकीत आपली कागदपत्रे घेऊन यावे. अर्जाचे कोरे नमुने आणि दुकानदारांस देण्याजोगे चार विभागांचे एक पानी मराठी पत्रक आम्ही तेथे ठेवणार आहोत. सेमाडोहच्या काचांवर कोणास उपाय सुचला असेल तर तोही सांगावा.